दोन धारांच्या मधे

दादा,

आज सकाळी मी तुझा शर्ट घातला. निळ्या चौकड्यांचा, कोपराला विरलेला, धारेला बसताना घालायचास तो. वहिनींनी तो धुतलेला नाही आणि मीही धुवा म्हणालो नाही, कारण हौसाला तुझा वास पाहिजे होता. बाकीच्या म्हशी वहिनींच्या हाताला दूध देतात. ही एक हौसा तेवढी तुझीच. तू गेल्यापासून ती पान्हा चोरत होती. मी कासेला हात लावला की मान वळवून बघायची, आणि तू नाहीस हे कळलं की दूध वर ओढून उभी राहायची. पेंडीचं आंबोण ठेवून बघितलं, पाठ खाजवून बघितली, शेवटी शिव्या घालून बघितल्या. आज शर्ट घालून बसलो तर फसली बिचारी. चरवी भरत आली तसं मी तिच्या पोटाला डोकं टेकलं, तू टेकायचास तसं, आणि रडून घेतलं.

त्याच शर्टात, तिथंच बसून मी नंतर आणखी एक उद्योग करून ठेवलाय. तो तुला सांगायचाय. पण सरळ मुद्द्याला हात घालायची माझी छाती होत नाही, म्हणून जरा लांबून येतो. तू म्हणायचासच की, "ह्या बाळ्याला हातकणंगल्याला पाठवलं तर ह्यो गारगोटीवरनं जाईल."

आपलं घर म्हशींचं. कळंब्याला गोठा बांधला तेव्हापासून आपल्या घराण्याचा भूगोल ठरून गेला. पहाटेची धार काढायची, रतीब घालून यायचं, मग कुठं जायचं ते जा, पण संध्याकाळच्या धारेला दावणीपाशी हजर. ह्यात बसेल तेवढंच जग. जोतिबा बसतो, पन्हाळा बसतो, नरसोबाची वाडी बसते. खिद्रापूर बसतं, पण तिथं जेवत बसायचं नाही, डबा गाडीत खायचा. लग्नानंतर तू वहिनींना महाबळेश्वर दाखवायला नेलंस. वहिनी अजून सांगतात, "सूर्यास्त बघाय गेलतो, आणि बघितला गोठ्याच्या दारातनं." मी किती वेळा म्हणालो, एखादा माणूस लाव, दोन दिवस त्याच्यावर सोडून ये. तू म्हणायचास, "परक्या हाताला म्हस दूध चोरती. आणि एकदा चोरायला शिकली की आपल्यालाबी चोरती." मला मोटरचं वायंडिंग कळतं, म्हैस कळत नाही. तू दावणीला राहिलास म्हणून मी शहरात जाऊन दुकान टाकू शकलो, हे मला चांगलं कळत होतं. तुला तसं कधी म्हणालो नाही. आपल्यात असलं काही म्हणायची पद्धत कुठं होती!

त्यामुळं ऋतुजाला जर्मनीच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणून मोबाईलवर आलं, तेव्हा तुझी पहिली शंका आठवून मला आत्ताही हसू येतं. तू वैरण कापत होतास. ती पळत आली, श्वास लागलेला, "पप्पा, झालं! मातीच्या अभ्यासाला घेतलं मला!" तू विळा थांबवून म्हणालास, "माती बघाय जर्मनीला? हितली संपली व्हय?"

पण तोंड वळवून घेतलंस ते मी बघितलं होतं. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसलेस. मग सायकलवर टांग टाकून पेढे आणायला गेलास. सगळ्या गल्लीत तू स्वतः फिरलास, कुणाला पाठवलं नाहीस. ज्यांच्या घरी रतीब त्यांच्या घरी दुधाबरोबर पेढा. म्हशींना पेढा कसा द्यायचा म्हणून गुळाचे खडे दिलेस. वहिनी म्हणाल्या, "म्हशीस्नी काय कळतंय?" तू म्हणालास, "तिच्या शिक्षणाला त्यांनीच दूध दिलंय की."

तालमीच्या पोरांनी कोपऱ्यावर फ्लेक्सचं डिजिटल लावलं. कोल्हापुरात कुणाच्या घरी काही झालं आणि डिजिटल नाही लागलं तर ते झालंच नाही असं समजतात. ऋतुजाचा मोठा फोटो, खाली तुझा फेट्यातला, त्याच्या खाली 'शुभेच्छुक' म्हणून पोरांच्या नावांची रांग. तू वरवर चिडलास. "माझं थोबाड कशाला लावलंय?" पण रतिबाला जाताना गाडी त्या कोपऱ्यावर हळू करायचास. मला सगळं कळत होतं, दादा.

मग तो रविवार. आक्का सासरहून, गारगोटीहून आली, माझं बिऱ्हाड आलं, अंगणात चूल पेटली. तांबडा, पांढरा, मटण, सगळं रीतसर. तू वाढपी. पंगतीत तू कधी आधी बसलाच नाहीस. आणि जेवताना, कुणी काढलं कोण जाणे, प्रवासाचं निघालं. ऋतुजा एवढ्या लांब निघाली म्हणताना जो तो आपण कुठं कुठं गेलो ते सांगायला लागला. आमचे प्रवास ते केवढे! आक्काने गोकाकचा धबधबा सांगितला, तिथं तिची चप्पल वाहून गेली तो. वहिनींनी महाबळेश्वर सांगितलं. आणि मी, नेहमीप्रमाणं, साखरपा सांगितला.

तुला ती गोष्ट मी सांगितलेली आवडायची नाही. पण सगळ्यांना आवडते, म्हणून मी सांगतो, आणि रंगवून सांगतो. ऋतुजा तेव्हा एवढीशी, दोन वेण्यांची. आपण समुद्र बघायला रत्नागिरीला गेलो होतो. तुझा दुधाचा टेम्पो आणि माझी ओम्नी. समुद्र बघितला म्हणजे काय, पाय ओले केले, आक्काने एका बाटलीत खारं पाणी भरून घेतलं, आणि तू घड्याळ बघायला लागलास. येताना साखरप्याला चहाला थांबलो तर तुझं सुरू झालं, "चला, चला, म्हशी हंबरायला लागल्या असतील." सगळे धावतपळत गाड्यांत बसले. घाट चढून आंब्याला आलो. तुझी गाडी तापली म्हणून थांबलास, मी मागून आलो. तू सहज विचारलंस, "ऋतू झोपली का?" मी म्हणालो, "ती तुझ्या गाडीत न्हाय?"

इथं मी गोष्टीत जरा थांबतो. लोक हसायला सुरुवात करतात.

तू तिथल्या तिथं टेम्पो वळवलास आणि घाट उतरायला लागलास. मागून मी. साखरप्याच्या टपरीवर ऋतुजा बाकड्यावर पाय हलवत बिस्कीट खात होती. टपरीवाली बाई तिची सुटलेली वेणी घालत होती. बाई म्हणाली, "रडली नाही हो पोर. मी विचारलं, आईबाप कुठं गेले? तर मलाच सांगते, पप्पा येणारेत, घरात म्हशी हायत, आमचं पप्पा लांब जात न्हाईत."

इथं सगळे पोट धरून हसतात. त्या रविवारीही हसले. ऋतुजा तर पाणी पिता पिता एवढी हसली की तिला ठसका लागला.

पण गोष्टीचा पुढचा भाग मी कधीच सांगत नाही. तो फक्त मला माहीत आहे, कारण चरवी मी धरली होती. त्या दिवशी घरी पोचायला अंधार झाला. म्हशी ओरडत होत्या, कासा दगडासारख्या झाल्या होत्या. तू ऋतुजाला घरात जाऊ दिलं नाहीस. वैरणीच्या ढिगावर, तुला दिसेल असं तिला निजवलंस आणि धारेला बसलास. आणि तुझ्या हातांना पिळणं जमेना. ज्या हातांना झोपेतसुद्धा जमायचं त्या हातांना जमेना. तू म्हणालास, "बाळ्या, म्हशींच्या पायी मी पोर इसरलो रे." बस, एवढंच. मग तू धार काढलीस. तो विषय तू कधी काढला नाहीस आणि मीही नाही.

त्यानंतर मात्र तुझी हजेरी सुरू झाली. गाडीची किल्ली फिरवायच्या आधी एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्यानं "हाय" म्हणायचं. पावण्यारावळ्यांनाही सोडलं नाहीस. आपण दोघंच मोटरसायकलवर पेंड आणायला निघालो तरी तू पुढं बसून विचारायचास, "बाळ्या?" आणि मी मागं बसून, तुझ्या पाठीला नाक लावून, "हाय" म्हणायचो. लोक बघायचे. मला लाज वाटायची. काल रतीब घालायला तीच गाडी काढली आणि किल्ली फिरवायच्या आधी आपोआप थांबलो. कुणी विचारलं नाही.

तर त्या रविवारी, हसून हसून सगळे दमल्यावर, तू रश्श्याचं भांडं हातात घेऊन मधे उभा राहिलास आणि म्हणालास, "समदं खरं, पण जर्मनी दोन धारांच्या मधी हुतंय का?"

परत सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. मग मी तुझ्याकडं बघितलं. तू हसत नव्हतास. ऋतुजाच्या ताटात रस्सा वाढत होतास, ती "बास, बास" म्हणत होती आणि तुझं लक्षच नव्हतं.

नंतरचे आठ-पंधरा दिवस तू हो म्हणाला नाहीस आणि नाहीही म्हणाला नाहीस. पेढे वाटले, डिजिटल लागलं, जेवण झालं, पण जा म्हणून तुझ्या तोंडातून शब्द निघेना. ऋतुजा कागद पुढं ठेवायची, तू सही करायचास आणि उठून जायचास. ती मला विचारायची, "काका, पप्पांच्या मनात काय आहे?" म्हणून एके दिवशी संध्याकाळी तुला उसाच्या बांधावर गाठलं.

"पोरगी हुशार हाय. जाऊ दे की," मी म्हणालो.

"जाऊ दे म्हणाय तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय म्हणजे? मी तिचा कोण न्हाय?"

"तुझा पोरगा पुण्याला गेलता तवा तू आठवडाभर तोंड पाडून बसलतास. पुण्याला! आणि मला शिकवायला लागलास."

हे खरंच होतं, त्यामुळं मला जास्त राग आला. मी म्हणालो, "मग काय करणार हायस? दावणीला बांधणार हायस पोरीला?"

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. पाटाच्या पाण्यात हात धुतलेस, बराच वेळ धुतलेस. म्हणालास, "साखरप्याला मी माघारी गेलो बाळ्या. जर्मनीला कसा जाऊ?" मी काही बोलणार तेवढ्यात म्हणालास, "आसू दे. उद्या बोलू."

आणि दुसऱ्या दिवशी तू पहाटेची धार काढलीस, चरवी सांडणार नाही अशी भिंतीशी ठेवलीस, वहिनींना म्हणालास "जरा बसतो," आणि बसलास.

दादा, भांडण अर्धं टाकून जाणाऱ्यातला तू नव्हेस. लहानपणी गोट्यांवरून झालेलं भांडण तू माझ्या लग्नाच्या वरातीत पुरं केलंस. मग हेच का अर्धं ठेवलंस? आता लोक मला म्हणतात, तू तर पोरीच्या बाजूनं होतास, आता घरात थोरला तूच, तुझंच चालणार. म्हणजे मी जिंकलो म्हणायचं. समोरचा उठून गेला म्हणून जिंकलो. असलं जिंकणं घेऊन मी काय करू सांग? तू नाही म्हणाला असतास, मला चार माणसांत झापलं असतंस, तरी चाललं असतं. मी हरलो असतो आणि तू असतास.

तालमीच्या पोरांनी दुसरं डिजिटल लावलं. घाईघाईत त्यांना तुझा दुसरा फोटो मिळाला नाही. पहिल्यावरचाच फेट्यातला, हसरा, कापून घेतला. पहिलं कुणाला काढायचं सुचलं नाही, त्यामुळं कोपऱ्यावर दोन्ही शेजारी शेजारी होती. एकावर तू हसतोयस लेकीसाठी, दुसऱ्यावर तेवढाच हसतोयस आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली नावं तीच. तिथं शुभेच्छुक, इथं शोकाकुल. मी रक्षाविसर्जनाच्या दिवशी ते बघितलं आणि गाडीतून उतरून रस्त्यातच बसलो. पोरांनी उचलून गाडीत घातलं.

आता रक्षाविसर्जनाचं सांगतो. ह्याचा जाब मला तुला विचारायचाय.

पंचगंगेच्या घाटावर नैवेद्य ठेवला. तुझ्या आवडीचं म्हणून चहा आणि बेकरीतलं बटरसुद्धा ठेवलं. कावळा समोरच्या भिंतीवर बसलेला, पण शिवेना. वाट बघून बघून लोक बोलायला लागले. मी हात जोडून म्हणालो, म्हशी विकणार नाही. कावळा हलला नाही. म्हणालो, वहिनींना काही कमी पडू देणार नाही. त्यानं चोच पुसली. मला वाटलं, आता ऋतुजाचं म्हणावं, तिला नीट पोचवतो म्हणून. पण तेवढ्यात आक्का पुढं आली. रडून रडून आवाज बसलेला तिचा. म्हणाली, "शंकरा, पोरगी कुठं जात न्हाय बघ. हितंच ऱ्हाती, तुझ्या घरात. जीव सोडीव बाबा."

आणि कावळा आला.

तू आयुष्यभर मला एका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाहीस, आणि आता कावळ्याजवळ निरोप पाठवलास? तोही आक्कासाठी? मला खरंच राग आला, दादा. आक्का पुढं आली तेव्हा सगळे दोन पावलं मागं सरकले होते, नैवेद्यापाशी मोकळं झालं होतं, म्हणून आला कावळा. हे मी तिथंच मोठ्यानं म्हणालो. कुणी ऐकून घेतलं नाही. लोकांनी हात जोडले, "पोरीतच जीव अडकलेला बघा," म्हणाले, आणि मोकळे झाले. आक्काचा दोष नाही. तिला तुझी सुटका करायची होती. तिला दुसरं काय येतं!

ऋतुजा मागं उभी होती. ती रडली नाही. घरी आल्यावर तिनं पासपोर्ट, कागद सगळं एका पिशवीत घालून माळ्यावर टाकलं. मी म्हणालो, "अगं, कावळा आहे तो. त्याला भूक लागली होती." ती म्हणाली, "माहीत आहे काका. मी विज्ञान शिकलेय. पण पप्पा तोंडानं हो म्हणाले नाहीत ना? एकदा जरी म्हणाले असते तर मी कावळ्याचं काय, कुणाचंच ऐकलं नसतं." व्हिसाच्या मुलाखतीची तारीख जवळ येत चालली. ती चुकली की यंदाची जागा गेली, आणि पोर शेण काढते, वैरण टाकते, अभ्यासाचं नाव घेत नाही. तिला जायचं होतं रे. तुझ्याआधी मला सांगायची ती, तिथं म्हणे जमिनीत उभा चर खणून मातीचे थर दाखवतात. सांगताना तिचे डोळे कसे व्हायचे ते तू बघायला पाहिजे होतंस. तू बघितलं होतंसच म्हणा. म्हणून तर तुझी झोप उडाली होती.

मी काय करणार होतो? तिला जा म्हणायचा हक्क माझा नाही. राहा म्हणायची माझी इच्छा नाही. वहिनींना विचारावं तर त्या चुलीपुढं बसून नुसत्या जाळाकडं बघत असायच्या. त्यांना तुझ्यामागं एकटं ठेवून लेकीला पाठवा म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. रोज दोन वेळ यायचो, हौसाच्या लाथा खायचो, परत जायचो.

आणि आज सकाळी मी तुझा शर्ट घातला.

हौसानं पान्हा सोडला ते सांगितलंच. चरवी न्यायला ऋतुजा आली. दारात आली आणि थबकली. मी पाठमोरा, तुझा शर्ट, म्हशीच्या पोटाला डोकं टेकलेलं. तिच्या हातातलं पातेलं पडलं. मी मागं वळून बघितलं नाही. माझं तोंड बघून तिला वाईट वाटलं असतं.

ती म्हणाली, "काका, खरं सांगा. तुम्ही त्या दिवशी बांधावर पप्पांशी बोललात ना? काय म्हणाले ते? हो म्हणाले का नाही म्हणाले?"

दूध चरवीत पडत होतं. मी म्हणालो, "व्हय म्हणाला हुता."

"काय म्हणाले? त्यांच्या शब्दांत सांगा."

आता आली का पंचाईत! खोटं बोलणाऱ्याला दुसरं वाक्य सुचत नाही असं म्हणतात. मला कसं सुचलं कोण जाणे. मी म्हणालो, "म्हणाला, जाऊ दे तिला. साखरप्याला एकटी बसली तवा रडली न्हाय, तिथंबी रडायची न्हाय."

मी तसाच धार काढत राहिलो. आणि मग आंबोणाची पाटी घेऊन वहिनी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "मलाबी ह्येच म्हणाले हुते. साखरप्याचंच."

ऋतुजा तिथंच खाली बसली, शेणात, आणि रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा रडली. वहिनींनी पाटी ठेवून तिला जवळ घेतलं. मी शेवटचं दूध काढलं, हौसाच्या पाठीवर थाप मारली आणि चरवी उचलून बाहेर आलो. उन्हं आली होती. थोड्या वेळानं घरातून माळ्याची शिडी सरकवल्याचा आवाज आला, मग पिशवी खाली आपटल्याचा.

हा झाला उद्योग. म्हशीलाही फसवलं आणि पोरीलाही फसवलं, तुझा शर्ट घालून.

पण फसवलं का? तेच मला कळेना झालंय. वहिनी दारात कधीपासून उभ्या होत्या मला माहीत नाही. माझं ऐकून, लेकीसाठी त्याही माझ्या खोट्यात सामील झाल्या असतील. की खरोखरच त्या शेवटच्या रात्री तू त्यांच्याजवळ साखरप्याचं बोलला होतास, जे माझ्याजवळ "उद्या बोलू" म्हणून राखून ठेवलंस? आणि तसं असेल तर इतके दिवस त्या गप्प का होत्या? लेक जाऊ नये असं त्यांनाही वाटत असेल म्हणून? रतिबाला निघताना मी त्यांच्याकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "शर्ट हितंच काढून ठेवा भाऊजी. सांजच्याला लागंल." दुसरं काही नाही. मी विचारू शकत नाही, दादा. मी विचारलं तर त्या मला विचारतील.

ऋतुजा आता जाणार. आक्काला कळलं की ती गारगोटीहून तरातरा येईल, माझी खरडपट्टी काढेल, मी ऐकून घेईन. विमान मुंबईहून आहे. मुंबई दोन धारांत बसत नाही, म्हणून वहिनी तिला सोडायला जातील आणि मी हौसापाशी राहीन. गाडी दारातून निघताना कुणी हजेरी घ्यायची, हे कुणी बोलत नाही. मी घेणार नाही. माझ्या तोंडून तुझं नाव निघून जाईल.

लेक टपरीवाल्या बाईला सांगत होती, आमचे पप्पा लांब जात नाहीत. आणि तूच आधी गेलास. तिच्या आधी, न सांगता, अर्धं भांडण बांधावर टाकून.

वहिनी आणि मी, आम्हा दोघांतलं खोटं कोण बोललं, एवढं सांग. दोघंही बोललो असलो तर मला शिव्या घाल, त्यांना काही बोलू नकोस. पण कावळा-बिवळा पाठवू नकोस, मी मानायचा नाही. सकाळची धार झाली आहे, रतीब घालून आलोय. संध्याकाळच्या धारेपर्यंत मी गोठ्यात बसून आहे. तेवढ्यात तू स्वतः येऊन जा.